स्वस्त क्रूड सगळ्यांनाच स्वस्त का पडत नाही : सातपूरच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रत्येक रिफायनरीला प्रत्येक क्रूड, म्हणजे कच्चे तेल, चालत नाही, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की ही कंपन्यांची सबब आहे आणि मी ती वाचकांच्या गळी उतरवतो आहे. २०२२ नंतर रशियाचे तेल रातोरात चालू लागले, म्हणजे अडचण मुळात नव्हतीच. जड तेलात हलके मिसळले की कोणतेही तेल चालते. आणि राजस्थानात आपले स्वतःचे तेल असताना बाहेरून आणायचेच कशाला. आक्षेप स्पष्ट शब्दांत मांडलात याबद्दल आभार, कारण हेच प्रश्न अनेकांच्या मनात असतात. माझे मत मात्र कायम आहे आणि ते का, हे इथे लिहितो. सातपूर एमआयडीसीत आपला फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून सुरुवात पोलादापासून करतो.

क्रूड युनिट म्हणजे कच्चे तेल तापवून उंच कॉलममध्ये त्याचे हलके-जड भाग वेगळे करणारा रिफायनरीचा पहिला विभाग. त्याच्या फर्नेसमधून तेल साधारण ३५० ते ३७० अंश सेल्सिअस तापमानाला बाहेर पडते. तेलातली गंधकाची संयुगे २६० अंशांच्या आसपासपासून पोलादाला खाऊ लागतात, आणि हा वेग गंधकाचे प्रमाण, तापमान व धातूतले क्रोमियम यांवर ठरतो. म्हणून तिथे ५ किंवा ९ टक्के क्रोमियमचे पाइप वापरतात. पण काही क्रूडमध्ये गंधक कमी आणि नॅफ्थेनिक आम्ले जास्त असतात. त्यांची मोजदाद दर ग्रॅम तेलातली आम्ले उदासीन करायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते यावर करतात, आणि हा आकडा ०.५ च्या पुढे गेला की क्रूड युनिटवरची माणसे सावध होतात. मध्य आफ्रिकेतल्या चाडच्या डोबा क्रूडमध्ये तो ४ च्याही पुढे असतो. ही आम्ले २२० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात, विशेषतः जिथे प्रवाह वेगाने वळतो त्या बेंडमध्ये, धातू खरवडून काढतात आणि त्यांच्यापुढे ९ टक्के क्रोमियमचाही टिकाव लागत नाही. तिथे मॉलिब्डेनम असलेले ३१६ किंवा ३१७ ग्रेडचे स्टेनलेस लागते. साध्या कार्बन स्टीलच्या आणि ३१७ च्या दरातली तफावत आपल्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल. फर्नेसच्या ट्यूब, ट्रान्सफर लाइन आणि कॉलमच्या खालच्या भागाचे अस्तर त्या धातूत बदलायचे, तर काही वर्षे आधी आराखडा करावा लागतो आणि प्रत्यक्ष काम फक्त मोठ्या शटडाऊनमध्येच होते. टँकर बंदरात येऊन थांबल्यावर हा निर्णय घेता येत नाही.

हा धोका कागदावरचा नाही. ६ ऑगस्ट २०१२ रोजी कॅलिफोर्नियातल्या रिचमंड येथील शेव्हरॉनच्या रिफायनरीत क्रूड युनिटची एक पाइपलाइन फुटून मोठी आग लागली आणि परिसरातल्या सुमारे १५,००० लोकांना औषधोपचारासाठी जावे लागले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या चौकशीत कारण निघाले ते गंधकाच्या क्षरणाचे. ती लाइन जुन्या, सिलिकॉन अगदी कमी असलेल्या कार्बन स्टीलची होती, आणि त्या रिफायनरीत येणाऱ्या तेलातले गंधक वर्षानुवर्षे वाढत गेले होते. एकाच लाइनमध्ये शेजारच्या तुकड्याची जाडी ठीक आणि हा एक तुकडा मात्र कागदासारखा पातळ, अशी परिस्थिती होती. वेल्डरने आणि तपासनिसाने एकेका तुकड्याची नोंद का ठेवायची, हे आपल्यासारख्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आता रशियन तेलाकडे वळतो, कारण आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत वजनदार मुद्दा तोच आहे. २०२२ पूर्वी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता आणि पुढच्या दोन वर्षांत तो एक तृतीयांशापलीकडे गेला, हे खरे. पण आपण आणले ते मुख्यतः उराल्स क्रूड होते. तेलाचा हलकेपणा एपीआय अंशांत मोजतात. पाण्याचा एपीआय १०, आणि आकडा जितका मोठा तितके तेल हलके. उराल्स सुमारे ३१ एपीआयचे आणि दीड टक्क्याच्या वर गंधक असलेले. सौदीचे अरब लाइट सुमारे ३३ चे आणि त्यात गंधक पावणेदोन ते दोन टक्के. दुबईचे ३१ चे आणि गंधक दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्या आखाती देशांचे जे तेल वर्षानुवर्षे गाळत होत्या, त्याचेच हे चुलतभावंड. ज्या तेलासाठी फर्नेस, धातू, हायड्रोट्रीटर (हायड्रोजनच्या मदतीने इंधन स्वच्छ करणारे युनिट) आणि गंधक काढणारी युनिट आधीच उभी होती, ते तेल दुसऱ्या बंदरातून आले आणि चालले. त्यातून एवढेच सिद्ध होते की रिफायनरी ज्या जातीसाठी बांधली आहे त्या जातीच्या तेलाशी तिचे जमते, आणि माझा दावाही नेमका तोच होता.

व्हेनेझुएलाच्या मेरे क्रूडचे उदाहरण आपणच दिले आहे. ते १६ एपीआयचे, गंधक अडीच टक्के, आणि त्यात व्हॅनेडियम भरपूर. कॅटॅलिटिक क्रॅकरमध्ये, म्हणजे उत्प्रेरकाच्या (कॅटॅलिस्टच्या) मदतीने जड तेल फोडून हलके करणाऱ्या युनिटमध्ये, व्हॅनेडियम कॅटॅलिस्टची रचनाच मोडतो आणि निकेल नको तितका हायड्रोजन व कोक (कोळशासारखा कार्बन) तयार करतो. या तेलाचा मोठा हिस्सा कॉलमच्या तळाशी डांबरासारखा उरतो आणि तो उष्णतेने फोडायला कोकर हे युनिट लागते. जामनगरची रिफायनरी १९९९ साली उभी राहिली तेव्हा कोकर तिच्या मूळ आराखड्यातच होता. म्हणून असले स्वस्त तेल तिथे फायद्याचे ठरते. मुंबईतल्या माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या १९५४-५५ सालच्या आहेत आणि आता चहूबाजूंनी शहर आहे. तिथल्या इंजिनिअरांना बुद्धी कमी नाही, कोकर उभारायला जागा कमी आहे.

गंधकाचा हिशेब आकड्यांतच पाहावा. दिवसाला एक लाख बॅरल म्हणजे अंदाजे १३,७०० टन तेल. गंधक ०.२ टक्के असेल तर रोज २७ टन, दोन टक्के असेल तर २७० टन, आणि इराकच्या बसरा हेवीसारखे चार टक्क्यांच्या जवळचे असेल तर ५४० टनांच्या घरात गंधक आत येते. त्यातले काही डांबरात आणि कोकमध्ये जाते, पण पेट्रोल-डिझेलमध्ये ते जवळपास उरताच कामा नये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहन-इंधनाचे मानक लागू झाले आणि गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५०) १० पीपीएमवर आली. मुंबईहून पाइपलाइनने मनमाडजवळच्या पानेवाडीला येणारे आणि तिथून टँकरने नाशिकच्या पंपांवर पोहोचणारे डिझेल, क्रूड कोणतेही असो, याच मर्यादेत बसावे लागते. गंधक काढायला हायड्रोजन लागतो, हायड्रोजन बनवायला नैसर्गिक वायू लागतो, आणि निघालेल्या हायड्रोजन सल्फाइडचे घन गंधक करणाऱ्या युनिटची क्षमता संपली की पुढचा एक टनही घेता येत नाही. त्या दिवशी क्रूड कितीही स्वस्त असले तरी फर्नेसचा भार कमी करावाच लागतो.

मिसळण्याबद्दल आपण फार विश्वासाने लिहिले आहे. मिश्रण सगळेच करतात. त्याशिवाय आज कोणतीही मोठी रिफायनरी चालत नाही. पण प्रयोगशाळेतली एक साधी चाचणी सांगतो. दोन क्रूड मिसळून त्याचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकायचा आणि तो कागद ओव्हनमध्ये ठेवायचा. डाग सर्वत्र सारखा पसरला तर ठीक. मध्यभागी गडद काळे वर्तुळ उमटले तर समजायचे, की जड तेलात विरघळून राहिलेले अस्फाल्टीन (डांबरासारखे जड घटक) हलक्या, मेणयुक्त तेलाच्या संगतीत वेगळे होऊन खाली बसते आहे. हीच गोष्ट टाकीत आणि हीट एक्स्चेंजरमध्ये (गरम प्रवाहाच्या उष्णतेने तेल तापवणाऱ्या नळ्यांच्या संचात) घडते. क्रूड युनिटवर काम करताना शटडाऊनमध्ये बाहेर ओढलेले एक्स्चेंजरचे बंडल मी पाहिले आहेत. नळ्यांच्या मधल्या फटी काळ्या, कठीण थराने अशा बुजलेल्या असतात की पाण्याचा जोरदार फवारा मारूनही त्या सहज मोकळ्या होत नाहीत. तो थर साचत जातो तसतसे फर्नेसमध्ये शिरणाऱ्या तेलाचे तापमान उतरते आणि तेवढे जास्तीचे इंधन रोज जाळावे लागते. कधी कधी तर तीच दोन तेले, तेच प्रमाण, पण आधी कोणते आणि नंतर कोणते ओतले यावर गाळ बसणार की नाही हे ठरते.

सरासरीनेही फसगत होते. ४५ एपीआयचे अमेरिकी शेल तेल आणि १६ एपीआयचे मेरे योग्य प्रमाणात मिसळले, की कागदावर ३१-३२ एपीआय येतो, म्हणजे जणू उराल्सच. पण त्या मिश्रणात वर जाणारा नॅफ्था (पेट्रोलसारखा हलका भाग) खूप, तळाला बसणारा अवशेष खूप, आणि ज्यातून डिझेल व केरोसीन निघते तो मधला भाग तोकडा. वरचे कंडेन्सर अपुरे पडतात, खाली कोकर तुंबतो, आणि आपल्या देशात सर्वाधिक खपणारे डिझेल मात्र कमी निघते. हलके, गोड (कमी गंधकाचे) तेल सर्वांनाच मानवते, हा समजही यामुळेच टिकत नाही. कोकरसाठी पैसा ओतलेल्या रिफायनरीला निव्वळ हलके तेल दिले तर तिचे सर्वांत महागडे युनिट अर्धपोटी राहते.

डिसॉल्टरबद्दल, म्हणजे क्रूडमधले मीठ काढणाऱ्या युनिटबद्दल, थोडेच लिहितो. क्रूडबरोबर पाणी, माती आणि मीठ येते. तेलात गोडे पाणी घोटून विद्युत क्षेत्रात दोन्ही वेगळे केले, की बरेचसे मीठ पाण्याबरोबर निघून जाते. तेल जड असेल तर त्याची घनता पाण्याच्या जवळ जाते आणि दोघे वेगळे व्हायला तयार नसतात. मधल्या पातळीवरचा नमुना बरणीत घेतला तर तपकिरी, दाट, ना तेल ना पाणी असा पदार्थ दिसतो आणि तो दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. उरलेल्या मॅग्नेशियम व कॅल्शियम क्लोराइडपासून फर्नेसच्या उष्णतेने हायड्रोजन क्लोराइड तयार होतो, तो कॉलमच्या माथ्यावर पाण्याच्या पहिल्या थेंबांत विरघळतो, आणि तिथून पुढची नळी कुरतडायला लागतो.

पंपावर दर का उतरत नाहीत, या आपल्या तक्रारीत तथ्य आहे. पण तो प्रश्न करांचा आणि विक्रीच्या धोरणाचा आहे. वाचकांनी तो जरूर विचारावा, मात्र त्याचे उत्तर क्रूड युनिटमध्ये शोधू नये. खरेदी करणारी मंडळी प्रत्येक क्रूडचा पृथक्करण अहवाल आपल्या रिफायनरीच्या गणिती मॉडेलमध्ये घालतात आणि बॅरलमागे किती किमतीचा माल निघेल, किती हायड्रोजन, किती इंधन, किती रसायने लागतील हे पाहून ठरवतात. त्यामुळे बॅरलमागे पाच डॉलरची सूट एका रिफायनरीला घबाड वाटते आणि दुसरीला तोट्याची ठरते, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

राहता राहिले राजस्थान. बाडमेरचे मंगला क्षेत्र २००४ साली सापडले आणि २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या तेलात गंधक कमी, पण मेण इतके की ते ४० अंशांच्या पुढेच वाहते राहते. निफाडच्या थंडीत खोबरेल बाटलीत गोठते, तसे हे तेल नाशिकच्या भर उन्हाळ्यातही बहुतेक दिवस गोठलेलेच राहील. म्हणून बाडमेरहून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरची, संपूर्ण लांबीभर तापवलेली आणि वेष्टनात गुंडाळलेली पाइपलाइन टाकावी लागली, आणि तीत तेल ६५ अंशांच्या वर ठेवावे लागते. त्याच भागात, पचपदरा येथे, वर्षाला ९० लाख टन क्षमतेची रिफायनरी आखली गेली. तिच्या आराखड्यात राजस्थानचे तेल १५ लाख टन आणि उरलेले ७५ लाख टन आखाती देशांचे आयात तेल धरलेले आहे.