टर्मिनल काढून डायनॅमो तपासणाऱ्या भाऊंना

जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी का उतरते यावरच्या माझ्या लेखाखाली जुन्नरकडच्या एका वाचकांनी लिहिलंय, ते आधी आहे तसं देतो. "साहेब, पुण्यात फ्लॅटमध्ये बसून मीटर काय फिरवता? चालू ट्रॅक्टरच्या बॅटरीचा टर्मिनल काढायचा, बंद नाही पडला तर डायनॅमो ओके. आमचा वायरमन वीस वर्षं असंच बघतो." (डायनॅमो म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र.) पुढे आणखी तक्रारी आहेत: शेतकऱ्याकडे मीटर नसतो, फॅन बेल्टचा मुद्दा मी फार खाली टाकला, कटआऊटवर, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर, काहीच लिहिलं नाही.

बेल्टचं मान्य. डायनॅमो फिरवणारा हा बेल्ट सैल असेल तर पुढची सगळी तपासणी फुकट जाते, म्हणून तो मुद्दा वर घेतलाय. धन्यवाद.

आता त्या 'साहेब'कडे येतो. भाऊ, त्यातला खवचटपणा मला कळला. पुण्यात वाढलोय, निदान त्या विषयात तरी मला शिकवणी नको. आणि फ्लॅटचं म्हणाल तर हो, फ्लॅटच आहे, मांजरीत. ही इमारत उभी आहे त्या रानात आमचा ऊस होता. वडिलांचा मॅसी १०३५ ट्रॅक्टर रात्री-अपरात्री ट्रॉल्या ओढायचा, आणि हेडलाइट पिवळे पडायला लागले की मडगार्डवर टॉर्च धरून बसायची पाळी माझी असायची. डायनॅमोचं मागचं झाकण काढून फुंकर मारली की कार्बनची काळी पूड थेट डोळ्यांत जायची. पुढे नाना पेठेत एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात उमेदवारी केली. कम्युटेटरच्या, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या फिरत्या भागाच्या, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या मोडक्या पात्याने खरवडून खोल करायचा, हे तिथे शिकलो. पट्टीला ओरखडा गेला की उस्ताद पातं हातातून काढून घ्यायचे आणि दिवसभर झाडू मारायला लावायचे. तेव्हा मीटर मी फ्लॅटमध्ये गेल्यावर हातात घेतला, असं कृपा करून समजू नका.

माझा पत्ता बाजूला ठेवू. तुम्ही रोज ट्रॅक्टर बंद कसा करता? चावी फिरवून? जुन्या ट्रॅक्टरची चावी काढून खिशात घातली तरी इंजिन चालूच राहतं, स्टॉपर ओढावा लागतो. कारण डिझेल पेटतं ते दाबाने तापलेल्या हवेत, आणि डिझेलचा पंप चालतो इंजिनच्या गिअरवर. एकदा सुरू झाल्यावर त्याला विजेची गरजच नाही. बॅटरी काढा, डायनॅमो उतरवून घरी ठेवा, तरी दिवसभर नांगरट होईल. मग टर्मिनल काढल्यावर बंद पडला नाही, यातून डायनॅमोबद्दल काय कळलं? काहीच नाही! ही रीत पेट्रोलच्या गाड्यांवरची. तिथे ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला वीज लागते, म्हणून इंजिन बंद पडण्या-न पडण्याला काही अर्थ तरी असतो.

अर्थ नाही इथवरच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण जुन्या ट्रॅक्टरचा डायनॅमो काढून कितीतरी जणांनी अल्टरनेटर, म्हणजे त्याच कामाचं नवं यंत्र, बसवून घेतलाय. चालू अल्टरनेटरची बॅटरी अचानक तोडली की त्याचा करंट पोटात घेणारं कोणी उरत नाही, आणि व्होल्टेज क्षणभर पन्नासच्याही पुढे उसळू शकतं. त्यात अल्टरनेटरमधले डायोड जातात, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जातो. म्हणजे चांगला अल्टरनेटर तपासता तपासताच मारायचा, आणि मग "बघा, म्हटलं नव्हतं, गेलाय" म्हणून नवा बसवायचा. तुमच्या वायरमनच्या वीस वर्षांत असे किती गेले, त्यांनी मोजले नसावेत.

त्यापेक्षा इंजिन बंद असताना बॅटरीवर मीटर लावा. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. मग सुरू करून रेस (इंजिनचे फेरे) मिनिटाला १५०० च्या आसपास ठेवा. आकडा १३.८ ते १४.४ मध्ये आला तर चार्जिंग ठीक आहे, आणि बॅटरी तरीही उतरत असेल तर दोष बॅटरीत किंवा वायरिंगमध्ये शोधा. आकडा जागचा हललाच नाही आणि तुमच्याकडे डायनॅमोच असेल, तर त्याच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) या टर्मिनलवरच्या दोन्ही वायरी काढा, ते दोन टर्मिनल एकमेकांना जोडा, मीटरचं एक टोक तिथे आणि दुसरं डायनॅमोच्या बॉडीला लावून रेस हळूहळू वाढवा. व्होल्टेज भरभर चढलं तर डायनॅमो ठणठणीत, पण २० च्या पुढे जाऊ देऊ नका. काहीच दाखवत नसेल तर आधी कार्बन (ब्रश) बघा. एखादाच व्होल्ट आला तर संशय फील्डच्या स्थिर गुंडाळीवर, चार-पाचावर अडकला तर आतल्या फिरत्या आर्मेचरवर. अल्टरनेटरला मात्र हा प्रयोग करायचा नाही.

मीटर नसतो म्हणता. पाच लिटर डिझेलपेक्षा कमी पैशात येतो. तोही नको असेल तर अंधारात हेडलाइट लावून रेस वाढवा. उजेड वाढला आणि डॅशबोर्डवरच्या अँमीटरचा काटा वजाकडून अधिककडे सरकला, तर डायनॅमो काम करतोय. एवढ्यासाठी पान्याला हात लावायचीसुद्धा गरज नाही.

कटआऊट दोन ओळींत मावत नाही, त्यावर सवडीने. तोवर तुमच्या ट्रॅक्टरला डायनॅमो आहे की अल्टरनेटर ते सांगा, आणि दोन आकडे कळवा: बंद असताना किती, आणि हेडलाइट लावून १५०० ला किती. वायरमनला विचारून सांगितलंत तरी चालेल, फक्त टर्मिनल जागेवर असू द्या.