फॉरवर्डमधला झेंडा आणि घमेल्यातला झेंडा

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री भांडुपच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. तासाभरात तोच मावसभावाकडून आला, मग शाळेच्या ग्रुपवर आला, आणि सकाळी झेंडावंदनानंतर जिलेबी खाताना वॉचमननेही तोच मोबाइल पुढे करून दाखवला. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत समलिंगींचा इंद्रधनुषी झेंडा जाळला म्हणून एकाला सोळा वर्षं कोठडी. ट्रम्पने आता राष्ट्रध्वज जाळणाऱ्याला एक वर्ष आत टाकायचं ठरवलंय. आपल्याकडे मात्र तिरंगा पायदळी तुडवला तरी कायदाच नाही, अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या नावाखाली सगळं खपतं. म्हणून कुठल्याही झेंड्याचा, देशाचा असो, धर्माचा असो की महापुरुषाचा, अपमान हा द्वेषमूलक गुन्हा ठरवा. सहमत असाल तर पुढे पाठवा.

मी सहमत नाही. म्हणून पुढे न पाठवता लिहायला बसलोय.

सोळा वर्षांपासून सुरुवात करतो, कारण आकडा खरा आहे आणि गोष्ट अर्धी आहे. हे घडलं २०१९ साली, आयोवा राज्यातल्या एम्स गावात. झेंडा त्या माणसाच्या मालकीचा नव्हता. तो एका चर्चवर लावलेला होता. याने तो ओरबाडून काढला, नेला आणि एका क्लबसमोर भररस्त्यात पेटवला. आपला समलिंगी लोकांना विरोध आहे, हे त्याने स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितलं. म्हणजे दुसऱ्याची वस्तू, रस्त्यावर आग, आणि एका गटाला नेम धरून केलेली दहशत. त्यात गडी सराईत, आधीचे गुन्हे नावावर. छळाच्या एरवी किरकोळ ठरणाऱ्या गुन्ह्याला द्वेषाचा हेतू जोडला गेला, त्यावर सराईत गुन्हेगारांची तरतूद लागली आणि मिळून पंधरा वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. आगीशी खेळल्याबद्दल वर वर्षभर. शिक्षा जबर आहे, माझ्या मते फारच जबर आहे. पण ती त्या कापडाच्या रंगांमुळे झाली नाही. त्याच माणसाने स्वतःच्या पैशाने तोच झेंडा विकत घेऊन, धोका होणार नाही अशा बेताने स्वतःच्या अंगणात जाळला असता, तर केवळ जाळल्याबद्दल तिथला कायदा त्याला धरू शकला नसता.

हे मी मनाने सांगत नाही. १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर सेंट पॉल शहराचा खटला आला होता. एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या कुंपणाच्या आत पोरांनी रात्री क्रूस जाळला होता. क्रूस जाळणं म्हणजे तिथे कृष्णवर्णीयांना दहशत घालायची जुनी रीत, अंगावर काटा येईल अशी. तरीही पोरांवर लावलेला शहराचा द्वेषचिन्हांविरुद्धचा नियम न्यायालयाने रद्द केला, कारण तो ठरावीक विचारांच्या चिन्हांनाच वेगळं काढत होता. घुसखोरी, जाळपोळ, धमकी यांचे कायदे आहेत, ते लावा, असा एकूण सूर. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्याचा खटला आला. मार खाणारा मुलगा त्याचा वर्ण बघून निवडला होता. तिथे जादा शिक्षा एकमताने कायम झाली. नुसता विचार असेल तर शिक्षा नाही. गुन्हा केला आणि त्यासाठी माणूस त्याच्या गटावरून निवडला, तर शिक्षा वाढेल.

हे आपल्या नाक्यावर आणून बघा. रिक्षाची काच फोडली तर तो गुन्हाच. मीटरवरून भांडण झालं आणि एकाने रागात फोडली, तर नुकसान एका काचेचं. पण 'हा अमुक प्रांतातला' म्हणून शोधून फोडली, तर त्या रात्री स्टेशनबाहेरच्या लायनीतले त्या प्रांतातले सगळेच रिक्षावाले गाडी आत लावून घरी बसतात. दुसऱ्या दिवशीचा धंदा बुडतो, पोरं शाळेत जात नाहीत. काच एकच फुटली, पण घाबरले चारशे. द्वेषमूलक गुन्ह्याला जास्त शिक्षा द्यावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा एवढाच आहे. त्याचा कुणाच्या दुखावलेल्या भावनेशी संबंध नाही.

ट्रम्पचा मुद्दा चटकन उरकतो. २५ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांनी आदेश काढला हे खरं. 'एक वर्ष' हे ते तोंडाने बोलले. आदेशात ती शिक्षा नाही. झेंडा जाळताना दुसरा एखादा कायदा मोडला असेल तर त्याखाली कडक कारवाई करा, हा त्याचा मुख्य भाग. याहून जास्त त्यांना करताच येत नव्हतं. डॅलसमध्ये १९८४ साली झेंडा जाळणाऱ्याची शिक्षा १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाली होती, आणि त्या पाचांत कट्टर उजवे समजले जाणारे न्यायमूर्ती स्कालियाही होते. संसदेने लगेच नवा कायदा केला, तो १९९० मध्ये उडाला. घटनादुरुस्तीचा प्रयत्न २००६ मध्ये सिनेटमध्ये एका मताने पडला.

आता 'आपल्याकडे कायदाच नाही'. हे वाक्य लिहिणाऱ्याने दोन मिनिटं शोधलं असतं तर राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा, १९७१ सापडला असता. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांना दिसेल अशा जागी तिरंगा जाळणं, फाडणं, तुडवणं, इतकंच काय शब्दांनी अवमान करणं, यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्यांदा केलं तर किमान एक वर्ष. ज्या अमेरिकेचं उदाहरण देऊन आपल्याला लाजवायचं चाललंय, तिथे राष्ट्रध्वजासाठी एवढा कडक कायदा उभाच राहू शकलेला नाही. आपल्या कायद्यात एक खुलासाही आहे: कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून राज्यघटनेवर, ध्वजावर किंवा सरकारच्या निर्णयावर केलेली टीका हा अवमान नाही.

कायदा इतका बारीक आहे की ध्वजावर कसलीही अक्षरं लिहिणं हाही त्यात गुन्हा आहे. सामन्याच्या दिवशी चर्चगेटहून वानखेडेकडे जाणारी गर्दी आठवा. तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर गावाचं नाव मार्करने लिहून मिरवणारे निम्मे. कलम वाचलं तर सगळे आरोपी. त्यांना कुणी धरत नाही आणि धरूही नये, कारण तो अवमान नाही, तो आनंद आहे. कोइम्बतूरला २०१३ च्या नाताळात अशोकचक्र असलेला भलामोठा तिरंगी केक कापला गेला, त्यावरून खटला झाला. मद्रास उच्च न्यायालयाने तो २०२१ मध्ये रद्द केला.

राहिला 'अभिव्यक्तीच्या नावाखाली सगळं खपतं' हा भाग. सगळं खपत नाही. राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये मर्यादांची यादी आहे, आणि ती अमेरिकेपेक्षा लांब आहे. गंमत वेगळीच आहे. तुमच्या खिडकीत आज वर्षभर तिरंगा लावता येतो तो याच अभिव्यक्ती स्वातंत्र्यामुळे. पूर्वी सामान्य माणसाला ठरावीक दिवसांपलीकडे तशी मुभा नव्हती. ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून बदलली, आणि उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने ध्वज फडकवणं हा कलम १९(१)(अ) खालचा हक्क मानला.

उरतो तो शेवटचा मुद्दा, आणि खरा धोका त्यातच आहे. कुठल्याही झेंड्याचा अपमान हा द्वेषमूलक गुन्हा ठरवायचा. मुंबईत भगवा, निळा, हिरवा, पक्षांचे, मंडळांचे, गोविंदा पथकांचे किती झेंडे असतात? जयंती झाली, उत्सव झाला, की ते विजेच्या खांबावर तसेच लटकतात. जूनच्या वाऱ्यात चिंध्या होतात, गटारात पडतात. महापालिकेचा कामगार ते काठीने ओढून कचऱ्याच्या गाडीत टाकतो. नव्या कायद्यात पहिला आरोपी तोच.

मुद्दाम चिथावणी द्यायला कुणी कुणाचा धार्मिक झेंडा फाडला, तर आजही भारतीय न्याय संहितेची १९६ आणि २९९ ही कलमं आहेत. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान यावरून कुणाचा जीव घेतला, तर १०३(२) खाली फाशी किंवा जन्मठेप. जातीवरून होणाऱ्या अत्याचारांसाठी १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. या कायद्यांची अंमलबजावणी रडतखडत होते, ही तक्रार मला मान्य आहे. पण १०३(२) आणि अ‍ॅट्रॉसिटी माणसाला वाचवायला आहेत. फॉरवर्डला हवाय तो कापडाला वाचवणारा कायदा.

भावना दुखावल्याचं हत्यार हातात आलं की काय होतं, ते आपण लांब नाही, पालघरला पाहिलंय. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरचा बंद. एका मुलीने फेसबुकवर बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीने लाइक केलं. दोघींना अटक. त्यावरून पेटलेल्या वादातून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं ६६ अ कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द झालं. पालघरच्या दोन महिने आधी, सप्टेंबर २०१२ मध्ये, व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींना मुंबई पोलिसांनी राजद्रोहाखाली धरलं होतं, आणि जोडीला हाच १९७१ चा कायदा लावला होता. उच्च न्यायालयाने जामीन दिला, राजद्रोहाचं कलम सरकारला मागे घ्यावं लागलं. त्यांची काही चित्रं मलाही आवडली नव्हती.

आता आमच्या गच्चीवरचं सांगतो. ग्रुपवर फॉरवर्ड टाकणारे आमचे सेक्रेटरी काका, माणूस भला. झेंडावंदनाला नवा झेंडा आणला होता. जुना पावसात विटून कडेने उसवला होता, त्याचं काय करायचं म्हणून त्यांनी मला वर बोलावलं. मी त्यांना ध्वजसंहिता वाचून दाखवली: खराब झालेला ध्वज खाजगीत, पूर्णपणे नष्ट करावा, शक्यतो जाळून.

"जाळून?" काका म्हणाले. "नीट वाच."

परत वाचलं. मग त्यांनी चप्पल काढली, झेंड्याची घडी केली, टाकीच्या कामातलं घमेलं धुऊन आणलं. काडी ओढणार तेवढ्यात थांबले आणि समोरच्या नव्या टॉवरकडे बघू लागले. बावीस मजले, प्रत्येक मजल्यावर बाल्कनी, कुणीतरी कपडे वाळत घालतंय, कुणी फोनवर बोलतंय.

"इथून कुणी शूटिंग केलं तर रे?"

आम्ही घमेलं उचलून पाण्याच्या टाकीमागे नेलं.