‘अर्धी गोळी चंदीत’ : बुजऱ्या घोड्याच्या खराऱ्याबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात वरातीच्या घोड्यांची शोधाशोध सुरू होते, आणि त्याच सुमाराला घोडेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जुना मेसेज पुन्हा वर येतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. त्यात एक माझा मावसभाऊ, ज्याने आयुष्यात घोडा फक्त सारसबागेबाहेर पाहिला आहे. मजकूर थोडक्यात असा (खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं, आणि त्यासाठीचा ब्रशही; चंदी म्हणजे घोड्याचं दाण्याचं खाणं; क्लिपर म्हणजे केस कापायचं यंत्र) :

“घोडा खरारा करू देत नाही? क्लिपरचा आवाज ऐकून बुजतो? शांत करणारी सौम्य गोळी अर्धी चंदीत मिसळा. घोडा झोपत नाही, फक्त शांत होतो. वीस मिनिटांनी कामाला लागा. चार-पाच वेळा असं केलं की सवय होते, मग गोळी लागत नाही. डॉक्टरवर पैसे घालवू नका, रेसकोर्सवर सगळे हेच करतात.”

मी डॉक्टर नाही. मुळशीच्या रस्त्याला आमची छोटी पागा आहे, पाच जनावरं आणि त्यांची निगा राखणारे एक मोतद्दार काका. गुंगीच्या औषधाला माझा विरोधही नाही. जखम साफ करायची असेल, वाढलेले टोकदार दात कानशीने घासायचे असतील, तर डॉक्टर येऊन इंजेक्शन देतात आणि मी निमूटपणे घोडा धरून उभा राहतो. पण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी बरगड्या मोडू शकतं, म्हणून एकेक घेतो.

आधी ‘सौम्य गोळी’. कुठली, ते मेसेज सांगतच नाही. मग लोक घरात असेल ती घेतात : आजोबांची झोपेची, कुत्र्याला प्रवासात द्यायची, कुणाच्या गोठ्यात उरलेली. डायझेपामसारखी माणसाची गोळी पूर्ण वाढलेल्या घोड्यात मन शांत करण्याआधी स्नायू ढिले करते. पाय आपलं ऐकत नाहीत हे जाणवलेला घोडा घाबरतो, आणि घाबरलेला घोडा धावायला बघतो. पळ काढणं हाच त्याचा स्वभाव आहे, आणि नेमके पायच हाताशी नाहीत.

घोड्यांसाठी डॉक्टर जी औषधं वापरतात, त्यात नेहमीची दोन. असेप्रोमाझिन घोड्याला सुस्त करतं, पण वेदना अजिबात कमी करत नाही, आणि रक्तदाब खाली आणतं. उन्हात पाण्यावाचून राहिलेल्या किंवा रक्त गेलेल्या जनावराला ते धोक्याचं. नर घोड्यात, खच्ची केलेल्यातही, कधी कधी लिंग बाहेर लोंबतं आणि आत जात नाही, सूज येते. असं क्वचितच होतं, पण झालं तर जनावर कायमचं अधू होऊ शकतं. दुसरं झायलाझिन. इंजेक्शन शिरेत दिलं तर दोन-तीन मिनिटांत मान खाली जाते, नाडी मंदावते, आतड्यांची हालचाल कमी होते, घोडा डुलायला लागतो. यातलं ‘सौम्य’ कुठलं, ते मला कुणीतरी दाखवावं.

गोठ्यातल्या बाटलीबद्दल एवढंच, की गाय झायलाझिनला घोड्यापेक्षा साधारण दहापट नाजूक असते. घोड्याच्या मापाने गायीला दिलं तर गाय जाते. शिवाय याच औषधाच्या बाटल्या एका मिलीलीटरमध्ये 20 मिलीग्रॅमच्या असतात आणि 100 मिलीग्रॅमच्याही. लेबल न वाचणाऱ्याची चूक थेट पाचपट. आणि घोड्याच्या मानेत जिथे सुई टोचतात, त्या शिरेच्या अगदी जवळून मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी जाते. औषध तिच्यात गेलं तर सुई बाहेर काढायच्या आत घोडा झटके देत कोसळतो. युट्यूब बघून टोचणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता ‘चंदीत मिसळा, वीस मिनिटांनी कामाला लागा’. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पोटातून जाणारं असेप्रोमाझिन लागू व्हायला पाऊण तास ते तास लागतो. वीस मिनिटांनी घोडा तसाच ताठ कानांनी उभा, म्हणून मालक उरलेली अर्धी गोळीही देतो. घोडा आधीच घाबरलेला असेल, तर त्याच्या अंगातलं ॲड्रेनलिन औषधाला दाद देत नाही, म्हणून आणखी थोडी. मग सगळं एकदम चढतं. वरातीच्या मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याचं वजन साडेतीनशे-चारशे किलोच्या आसपास, आणि मालकाचा अंदाज बहुतेक वेळा पन्नास किलो इकडे-तिकडे. त्यात घोडा तोबऱ्यातली (तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीतली) गोळी बाजूला सारून हरभरे तेवढे वेचून खाण्यात हुशार. किती पोटात गेली, देव जाणे. जिभेखाली लावायची डेटोमिडीन या गुंगीच्या औषधाची जेल असते, तीही लोक चंदीत ढवळतात. ती तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषली जायची असते, गिळली की बरीचशी वाया जाते. उलट हातमोजे न घालता हाताळली तर माणसाच्याच अंगात शिरते.

गुंगी असताना चंदी किंवा गवत समोर ठेवायचंच नसतं. घोडा नीट चावत नाही, घास अन्ननलिकेत अडकतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोबरा दूर. मेसेजमधली पद्धत म्हणजे औषध आणि अडकणारा घास एकाच भांड्यात.

आणि गुंगी उतरते कधी? असेप्रोमाझिनचा अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. म्हणजे दुपारी चारला क्लिपर फिरवलेला घोडा रात्री नऊला रस्त्यावरच्या वरातीत अजून अर्धवट गुंगीत असतो. समोर डीजे, बाजूला फटाक्यांची माळ, पाठीवर नवरदेव आणि नवरदेवाच्या पुढ्यात बसवलेला चार वर्षांचा भाचा. तो घोडा अडखळला तर त्याला सावरता येणार नाही, कारण सावरायचे पाय आपणच सैल केलेत.

‘फक्त शांत होतो’ हे वाक्य मला सगळ्यात घातकी वाटतं. बुजऱ्या घोड्याशी काम करणारा माणूस कान वाचतो, शेपटी वाचतो, मागच्या पायावरचा भार कुठे सरकला ते बघतो. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त थेट कपाळासमोर आणि थेट शेपटीमागे आंधळी जागा. म्हणून आमचे काका मागून जाताना पुठ्ठ्यावर (मागच्या पायांवरच्या मांसल भागावर) हात ठेवतात आणि बोलत राहतात. झायलाझिन दिलेला घोडा मान टाकून, खालचा ओठ लोंबवून मारुतीच्या मूर्तीसारखा उभा असतो. कान हलत नाहीत, शेपूट हलत नाही. आणि मागच्या पायाला हात लागला की तोच घोडा नेम धरून लाथ घालतो. स्पर्शाला त्याचं शरीर उत्तर देतंच, लाथेआधीची सूचना तेवढी नाहीशी होते. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा जोडीला ब्यूटोर्फॅनॉल हे वेदनाशामक देतात आणि तरीही स्वतः खांद्याच्या रेषेत उभे राहतात. मेसेज वाचलेला पोरगा मात्र थेट मागे जाऊन बसतो. घोडा शांत आहे ना.

रेसकोर्सचा मुद्दा दोन ओळींत. कॅम्पातल्या आपल्या रेसकोर्सवर पावसाळ्यात शर्यती असतात, आणि शर्यतीच्या घोड्यांचे नमुने तपासले जातात. गुंगीचं औषध सापडलं तर ट्रेनरच्या लायसन्सवर गदा येते. तिथे औषध द्यायला डॉक्टर असतात आणि दिलेल्याची नोंद ठेवली जाते.

‘डॉक्टरवर पैसे घालवू नका’ म्हणणाऱ्यांना कायद्याची आठवण. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 प्रमाणे उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचे, आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला अपायकारक औषध जाणूनबुजून, विनाकारण देणं हा गुन्हा आहे.

राहिलं ‘चार-पाच वेळा केलं की सवय होते’. यात थोडं तथ्य असावं असं मलाही एकेकाळी वाटायचं. पण गुंगीत शिकणं मंदावतं, आणि जे थोडंफार शिकलं जातं ते शुद्धीत तसंच आठवेल याची खात्री नसते. सहावा खरारा घोड्यासाठी पहिलाच ठरू शकतो. शिवाय तो नकार का देतोय, हा प्रश्न गोळीने मिटत नाही, झाकला जातो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे वरातीच्या कामातून निवृत्त झालेली एक घोडी आली. खोगिराच्या जागी हात नेला की दात दाखवायची. आधीच्या मालकाने सांगितलं होतं, तापट आहे, गोळी द्या. काकांनी गोळी दिली नाही, उन्हात उभी करून केस उलटे फिरवले. खाली खपल्याच खपल्या, एक उचलली तर पू. पावसात भिजलेला नमदा (खोगिराखालचं जाड कापड) तिच्या पाठीवर दिवसचे दिवस राहिला होता आणि त्या खपल्यांवरून कुणीतरी रोज लोखंडी खरारा ओढत होतं. असेप्रोमाझिन दिलं असतं तर ती उभी राहिली असती, दुखलं मात्र तेवढंच असतं. डॉक्टरांनी औषधी पाण्याने धुवायला सांगितलं, महिनाभर खोगीर बंद.

पुढचं काम काकांनी बोटांनी केलं. घोडे एकमेकांना मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर 1993 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता : त्या जागी हाताने खाजवलं तर नाडी खाली येते. काकांनी तो वाचलेला नाही, ते चाळीस वर्षं तेच करतायत. आधी दोन मिनिटं तिथे खाजवायचं, घोडीचा वरचा ओठ लांब होऊन थरथरला की खांद्यापर्यंत यायचं, तिने श्वास रोखला की हात तिथेच ठेवायचा, ढकलायचा नाही आणि झटकन काढायचाही नाही. दोरी खुंट्याला जखडून न बांधता हातात सैल. क्लिपर पहिले आठ दिवस नुसता पागेच्या दुसऱ्या टोकाला चालू, तोबऱ्याच्या वेळी. नवव्या दिवशी बंद क्लिपर खांद्यावर. दीड महिना लागला. मधे गणपतीआधीच्या ढोलांच्या सरावाने आठवडाभराचं काम पाण्यात गेलं, ते पुन्हा केलं.

आता तिला रबरी खरारा चालतो. पोटाखाली अजूनही आवडत नाही, हात तिकडे वळला की ती शेपूट एकदा झटकते. काका थांबतात, “बरं बाई” म्हणतात, आणि ती मान खाली सोडेपर्यंत तसेच उभे राहतात.