खुराड्यातली कोंबडी आणि शेततळ्यातला रोहू : 'उजनीकर' यांना उत्तर

उजनीकर, नमस्कार.

सासवडजवळच्या शेततळ्यात गळाने मासे धरण्यावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुम्ही लिहिलंत : "पेलेट खाऊन वाढलेला मासा गळाला लावणं म्हणजे खुराड्यात हात घालून कोंबडी धरणं. रोहूने स्पूनवर झडप घातली ही शुद्ध थाप. आणि चार पौंडाच्या दोऱ्यावर मासा खेळवत बसणं हा निव्वळ छळ." (नवख्यांसाठी : पेलेट म्हणजे माशांच्या खाद्याचे तयार दाणे, स्पून म्हणजे गळ लावलेलं चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष.)

थापेपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. तुमची प्रतिक्रिया वाचून लेखातल्या त्या रोहूचा फोटो मोठा करून पाहिला. गळ तोंडात नाहीच, कल्ल्याच्या झाकणापाशी बाहेरून रुतलाय. खाद्य पडलं की चार हातांच्या जागेत मासे एकमेकांवर चढतात. त्यातून गळ ओढला तर तो कुणाच्या तरी अंगात अडकणारच. मी ती 'झडप' समजलो आणि मिरवली. रोहू पाठलाग करणाऱ्यांतला नाही. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. झालरीच्या ओठांनी तो दाणा आत ओढतो, संशय आला तर थुंकून टाकतो. लेखाखाली दुरुस्ती जोडली आहे.

पण शेततळ्यातले दुसरे मासे, चिलापी (तिलापिया) आणि रूपचंद, स्पून घेतात, यावर मी ठाम आहे. चकाकता चंदेरी नव्हे. मळकट तपकिरी, दोन-तीन ग्रॅमचा. ओढत आणला तर ढुंकून बघत नाहीत. खाद्याच्या कडेला टाकून दोरा जेमतेम ताणात ठेवायचा आणि स्पून डुलत खाली जाऊ द्यायचा. वर न सापडलेला दाणा बुडतोय असं त्यांना वाटत असावं. घास बुडतानाच येतो. हाताला झटका बसत नाही, दोरा नुसता बाजूला सरकतो. रूपचंदचे दात मात्र माणसाच्या दाढांसारखे. पातळ तंगूस (नायलॉनचा दोरा) त्यांच्यापुढे टिकत नाही, पुढे जाड तुकडा जोडावा लागतो.

आता खुराडं. महाडजवळच्या वाळण कोंडीत, देवाचे मासे मानल्या जाणाऱ्या डोहात, काठावर कुणी उभं राहिलं की मासे वर येतात, हे तुम्ही पाहिलं असेल. (तिथे गळ टाकायचा विचारही कुणी करत नाही, मीही नाही.) शेततळ्यातल्या माशालाही वेळ, जागा आणि खाद्य पडल्याचा आवाज पाठ असतो. म्हणून तो भोळा ठरत नाही, उलट फार चिकित्सक होतो. दिवसातून दोनदा तोच दाणा, त्याच आकाराचा, पाण्यावर स्थिर तरंगणारा. त्यातला एक दाणा दोऱ्यामुळे जरा आडवा सरकला की त्याच्याभोवती रिकामं वर्तुळ तयार होतं. बाकीचे दाणे फस्त, तुमचा एकटा तरंगतोय. पहिल्या तीन रविवारी मी हेच बघत बसलो होतो. खुराड्यातली कोंबडी इतका भाव खात नाही हो.

शिवाय चार मिलिमीटरच्या पेलेटला वजन नाही, गळ टोचला की तो फुटतो. तो फेकणार कसा? दोऱ्याला लावायच्या पारदर्शक, पोकळ, तरंगत्या गोळ्यात अर्धं पाणी भरायचं. फेकायला वजन मिळतं आणि तो बुडतही नाही. त्याच्यापुढे तीनेक हात बारीक तंगूस, टोकाच्या गळाला दाण्याऐवजी जुन्या स्लीपरच्या तळव्यातून पंचने कापलेली गोल चकती. खाद्याच्या पलीकडे फेकायचं, हळूच आत आणायचं आणि दोरा सैल सोडायचा. मला तोंडातून नीट लागलेला पहिला रोहू या स्लीपरवरच आला.

छळाच्या मुद्द्यावर मी निम्मा तुमच्या बाजूने आहे. चार पौंडाचा दोरा म्हणजे जेमतेम १.८ किलोची ताकद, आणि ड्रॅग (दोरा सुटू देणारा रिळाचा ब्रेक) त्याच्या पाव हिश्श्यावर लावला होता. एप्रिलच्या सकाळी दोन किलोच्या आसपासचा रोहू दहा मिनिटं पळत राहिला. सोडल्यावर आडवाच पडला. मालकांच्या घरी त्याचं कालवण झालं. चूक दोऱ्यापेक्षा वेळेची जास्त होती. पाणी २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकतं, ३० अंशांना साडेसातच. त्यातही रात्रभर शेवाळ प्राणवायू वापरत राहतं, म्हणून तळ्यात तो पहाटे सर्वांत कमी असतो. आपल्याला सकाळचा गारवा बरा वाटतो, माशाची तेव्हा दमछाक झालेली असते. आता आठ पौंडाचा दोरा लावतो, संध्याकाळच्या खाद्याला जातो आणि ढगाळ, कोंदट दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडत असतील तर रॉड गाडीतच राहतो.

तुमच्या उजनीच्या पाण्यात जे लागत नाही ते इथे लागतं : कागदाची काळजी. तळ्याच्या प्लास्टिक कागदाला तीन टोकांचा गळ अडकला, तर भोक पडून पाणी झिरपतं आणि मालकाचे हजारो रुपये जातात. म्हणून एकेरी गळ, त्याचाही टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबलेला. मासाही चटकन सुटतो. आणि ओल्या कागदावर पाय ठरत नाही, काठावर दोर बांधल्याशिवाय मी खाली उतरत नाही.

स्लीपर कोणत्या रंगाची, असं आणखी एका वाचकाने विचारलंय. तपकिरी. निळ्याकडे मासे बघतसुद्धा नाहीत, माझी नवी जोडी त्यातच वाया गेली.