वर बसायचे वेगळे!

तिकीट काढलं होतं ना? घारापुरीचं, जाण्यायेण्याचं, रांगेत घामाघूम होऊन. मग गेटवेवरून बोट सुटते न सुटते तोच बोटांत नोटा खोचलेला एक पोरगा येतो आणि म्हणतो, "ऊपर बैठने का बीस रुपया."

का? वर काय आहे? बोट तीच, डिझेलचा धूर तोच, खुर्च्या त्याच प्लास्टिकच्या. लोखंडी शिडी आम्ही आमच्या पायांनी चढलो. वारा काय याच्या काकाने आणून सोडलाय? मी म्हटलं, पावती दे. तो हसला. हसला! वीस रुपयांपेक्षा ते हसणं मला जास्त झोंबलं. तिकिटावर कुठे लिहिलंय ते दाखव म्हटलं, तर "नीचे जाके बैठो." शेजारचं कुटुंब निमूट पैसे काढून देत होतं आणि बघत होतं माझ्याकडे, जणू बोट मीच अडवून धरलीय. अशा शहाण्या लोकांच्या जिवावरच हे धंदे चालतात. वर नवरा म्हणतो, "अगं दे ना. सकाळी कुलाब्यात दोनशेची कॉफी प्यायलीस, तेव्हा मागितलीस का पावती?"

मागितली होती. सर्व्हिस चार्जही काढायला लावला होता.

शेवटी दिले. आणि मग कळलं की वर छप्पर नाही. डोक्यावर बाराचं ऊन, खाली सावलीत फुकटे लोक मस्त शेंगदाणे खातायत. पण उतरणार कशी? तो पोरगा शिडीपाशीच उभा होता. तासभर नाक भाजत बसले, पैसे वसूल झाल्यासारखा चेहरा करून.

लाइफ जॅकेट घाला म्हणतात, घातलं. डिसेंबर २०२४ ला याच वाटेवरच्या बोटीला झालेल्या अपघातानंतर त्याबद्दल कोण कुरकुर करेल? पण निदान बक्कल तरी धड असू दे! माझ्या जॅकेटचा पट्टा दुसऱ्या जॅकेटला गाठ मारून बांधलेला होता.

तसा गेटवेवरच दिवस नासला होता. फोटोवाले "मॅडम, एक फोटो" करत मागे, फुगेवाले पुढे, आणि कठड्याला जरा टेकलं की शिट्टी. बसायला जागा नाहीच. १९११ साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज आला तेव्हा त्याला पुठ्ठ्याची कमान दाखवली होती म्हणे, खरी पुरी झाली १९२४ ला. पण त्याला तरी तिथे कोणी शिट्टी मारली नसणार. आणि इथून उठून दुसरीकडे समुद्र बघू म्हणाल तर ससून डॉकपासून शिवडीपर्यंत बंदराच्या भिंती. मुंबईच्या त्या अख्ख्या बाजूला समुद्र आहे हे नकाशात बघायचं.

बेटावर उतरलं की ग्रामपंचायतीचा कर. तो दिला, हसत दिला, पावती मिळाली! मग खेळण्यातली रेल्वे, मग पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा आणि टोप्या, मग पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट, मग माझ्या हातातलं लिंबूपाणी पळवणारं माकड. (त्याने निदान वर बसण्याचे वेगळे मागितले नाहीत.) त्रिमूर्तीपुढे मात्र गप्प बसले, तेवढ्यात मागून कोणाचा तरी "हात वर कर, अजून वर" रील सुरू. ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव पडलं तो केव्हाच राणीच्या बागेत जाऊन उभा राहिलाय. सुटला बिचारा.

परतताना मुद्दाम खाली बसले. तर कुरव पक्षी! म्हणजे पक्षी छान आहेत, हजारो मैलांवरून हिवाळ्याला येतात. त्यांना गाठिया भरवणारे लोक मला सहन होत नाहीत. किंचाळायचं, फेकायचं, व्हिडिओ काढायचा, अर्धे गाठिये आमच्या केसांत. समोरच्या गृहस्थांनी पाकीट रिकामं केलं आणि ते प्लास्टिकही त्याच हाताने पाण्यात सोडलं. म्हटलं, "अहो काका, काय करताय?" तर शांतपणे म्हणाले, "एवढा मोठा समुद्र आहे, मॅडम."

मी उठणार एवढ्यात नवऱ्याने माझं लाइफ जॅकेट मागून धरलं. पट्टा तुटला.