‘पहिली कादंबरी स्वतः छापू नका’ या सल्ल्याला उत्तर

लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कादंबरी चांगली असती तर प्रकाशकानंच घेतली असती, स्वतः छापलीत तर दीड-दोन लाख पाण्यात जातील, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि हक्कांची कामं प्रकाशकाशिवाय होत नाहीत, मराठीत विकत घेऊन वाचणारा उरलेलाच नाही, तेव्हा सरळ ऑनलाइन टाका, वाचक आपोआप येतील. मी पुण्यात हस्तलिखितं तपासण्याचं काम करते. हा मजकूर वाचून चांगलं लिहिणारी माणसं आपलं बाड कपाटात ठेवून देतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘चांगली असती तर प्रकाशकानं घेतली असती.’ प्रकाशकाच्या नकाराला पुष्कळ कारणं असतात. वर्षाची यादी भरलेली असते, नवख्या नावाला विक्रेते मागणी देत नाहीत, अनुवाद किंवा चरित्र जास्त खपेल असं वाटतं. यातलं एकही कारण लिखाणाच्या दर्जाबद्दल नाही. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये याच पुण्यात ‘करमणूक’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातच क्रमशः छापली. लेखकानं स्वतः छापलं म्हणून ती कादंबरी कोणी कमी लेखत नाही.

या मुद्द्यात एक खरा धोका दडलेला आहे, पण मजकूर लिहिणाऱ्याला तो दिसलेला नाही. स्वतः छापणाऱ्याला ‘नाही’ म्हणणारं कुणी नसतं. तिसरं प्रकरण काढून टाका, हे पात्र दोनदा मरतंय, असं सांगणारा माणूस मग पैसे देऊन आणावा लागतो. संपादन आणि मुद्रितशोधन (जुळवलेल्या मजकुरातल्या चुका शोधणं) ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात. प्रकाशन समारंभात सभागृह, शाल-श्रीफळ आणि चहापान यांवर जाणारे पैसे इकडे वळवा, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आता ते दीड-दोन लाख. ऑफसेट छपाईत प्लेटचा (ज्यावरून पानं छापतात त्या पत्र्याचा) खर्च पन्नास प्रतींना आणि हजार प्रतींना सारखाच, म्हणून अकराशे प्रतींची आवृत्ती काढायची पद्धत पडली. डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही. शंभर प्रती काढता येतात. प्रतीमागे दर जास्त पडतो, पण एकूण रक्कम आवाक्यात राहते आणि पलंगाखाली गठ्ठे साचत नाहीत. पुढे ऑफसेटला गेलात तर फर्म्याचा हिशेब आधी करा. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी सोळा पानं, म्हणजे २०८ पानांचे बरोबर १३ फर्मे. पुस्तक २११ पानांवर गेलं तर तीन पानांसाठी चौदावा फर्मा येतो. अक्षरजुळणी करणाऱ्याला हे सुरुवातीलाच सांगितलं तर तो ती तीन पानं आत बसवतो.

समजा किंमत ३०० रुपये आणि छपाई प्रतीला १२० रुपये. वितरक आणि दुकानदार मिळून ४० ते ५० टक्के घेतात, म्हणजे तुमच्या हाती १५० ते १८० येतात आणि छपाई वजा जाता ३० ते ६० उरतात. तीच प्रत थेट वाचकाला दिलीत तर १८० उरतात. शंभर प्रतींचे १८,००० होतात. त्यातून मुखपृष्ठाचा आणि मुद्रितशोधनाचा बराचसा भाग निघू शकतो. म्हणून पहिल्या शंभर प्रती हातोहात विकायच्या आणि दुकानांकडे त्यानंतर वळायचं.

खरोखर लाखभर गेलेली माणसं मला भेटतात. त्यातल्या बहुतेकांनी स्वतः छापलेलं नसतं. लेखकाकडूनच सगळा खर्च घेऊन वर ‘प्रकाशक’ म्हणून नाव लावणाऱ्यांकडे ते गेलेले असतात. पैसे तुमचे असतील तर छपाईची फाइल, मुखपृष्ठाची फाइल आणि सर्व हक्क तुमच्याकडे राहतील, हे कागदावर लिहून घ्या.

आयएसबीएनचा मुद्दा दोन ओळींत संपतो. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते, लेखकाला स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्ज करता येतो आणि त्याला शुल्क नाही. कॉपीराइट लिहिल्याक्षणीच लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हयातभर व मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. उलट, हक्क कुणाला देत असाल तर १९५७ च्या कायद्याचं कलम १९ वाचा: करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. स्वतः प्रकाशक झालात की १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, तेवढं मात्र विसरू नका.

‘मराठीत वाचक उरलेला नाही.’ या वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्यातले कादंबरी वाचणारे किती, यावर वाद घालता येईल. पण पहिल्या कादंबरीला लाखभर वाचक लागतच नाहीत, तीनशे लागतात. ते ‘मराठी वाचक’ म्हणून एकगठ्ठा भेटत नाहीत, ते विषयाच्या मागून येतात. कादंबरी स्पर्धा परीक्षेवर असेल तर तिचे वाचक सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसलेले आहेत आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभे असतात. ती बँकेतल्या आयुष्यावर असेल तर निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या मेळाव्यात वीस मिनिटं वाचून दाखवा. धरणग्रस्त गावावर असेल तर त्या गावाहून पुण्यात येऊन राहिलेल्यांचं मंडळ शोधा. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातल्या फळीवर पाच प्रती ठेवण्यापेक्षा अशा एका संध्याकाळी जास्त प्रती जातात. दुकानात ठेवाल तेव्हा दिलेल्या प्रतींच्या चलनावर (पोच-पावतीवर) सही घ्या आणि हिशेबाची तारीख लिहून घ्या.

ग्रंथालयं तर नवे लेखक पूर्ण विसरतात. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून, आणि राज्यभर अकरा-बारा हजार अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. शासनमान्य ग्रंथयादीसाठी (ग्रंथालयांसाठीची पुस्तकांची सरकारी यादी) ग्रंथालय संचालनालयाकडे पुस्तक पाठवा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. फुकट प्रती द्यायच्याच तर ग्रंथपालाला द्या, परिचय लिहिणाऱ्याला द्या. काका-मावशींनी विकत घ्यावी. किंमत मागताना संकोचू नका. तुमची तीन-चार वर्षं त्यात गेली आहेत.

राहिलं ‘ऑनलाइन टाका, आपोआप येतील.’ ऑनलाइनला माझा विरोध नाही; किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत आणि परदेशातल्या मराठी वाचकापर्यंत टपालखर्चाशिवाय पोचायचा तो चांगला रस्ता आहे. मला खटकतो तो ‘आपोआप’ हा शब्द. पुस्तक छापण्याआधी पहिली पाच-सहा प्रकरणं दर रविवारी एक अशी द्या, वार चुकवू नका, आणि सहाव्या प्रकरणाखाली प्रकाशनपूर्व नोंदणी सुरू करा. ‘पुढचं कधी?’ असं ज्यांनी विचारलं त्यांची नावं वहीत लिहा, त्यांना स्वतः फोन करा, आणि पहिल्या छपाईच्या प्रती किती काढायच्या ते त्या वहीवरून ठरवा.