आधी बांधाच्या शेजाऱ्याला सांगा

शनिवारी रात्री आमच्या गिरणीच्या पायरीवर झालेला वाद लिहून ठेवतोय. बदलापुरातली ही पिठाची गिरणी बंद पडून आठ वर्षं झाली, पण पायरीवरची बैठक मोडलेली नाही. त्या रात्री चौघे होते: तीन वर्षं बर्मिंगहॅमला नोकरी करून आलेला पक्या, अंबरनाथच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करणारा सुन्या, आमचा वकील आणि मास्तर. पाचवा मी.

विषय मीच काढला. माझ्या मामाच्या गावाच्या फाट्यावर महिन्याभरापूर्वी एक मोठं होर्डिंग लागलंय. त्यावर रोलर कोस्टरच्या वळणदार रुळांचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय, ‘राज्यातली सर्वांत उंच राइड, लवकरच’. कुठल्या साली ते लिहिलेलं नाही. ज्या जमिनीवर ही राइड येणार तिला मामाचा बांध लागून आहे, आणि मामाला ही बातमी कळली ती फाट्यावर एसटीची वाट बघताना. विहिरीचं काय होणार, रस्ता कुठून जाणार, रात्री किती वाजेपर्यंत आवाज, कुणाला काही माहीत नाही. तलाठ्याकडे दोन खेपा झाल्या, हाती काही लागलं नाही.

“अरे, असं गुपित ठेवावंच लागतं,” सुन्या म्हणाला. “जमीन घ्यायच्या आधी बोंब मारली तर भाव चौपट होतो. धंदा आहे.”

वकील लगेच सरसावला. “डिस्नेनं फ्लोरिडात हेच केलं. वेगवेगळ्या नावांच्या बनावट कंपन्या काढून सत्तावीस हजार एकरांहून जास्त जमीन गुपचूप उचलली. ऑक्टोबर १९६५मध्ये ऑर्लँडोच्या वर्तमानपत्रानं ते फोडलं, तेव्हा कुठे नोव्हेंबरात अधिकृत घोषणा करावी लागली.” आणि ते फुटलं कसं, तेही त्यानं सांगितलं. त्या वर्तमानपत्राची एक बातमीदार कॅलिफोर्नियात वॉल्ट डिस्नेला भेटली आणि तिनं सरळ विचारलं, फ्लोरिडातली जमीन तुम्हीच घेताय का? तो नाही म्हणाला, पण नाही म्हणताना तिथल्या हवापाण्याची इतकी बारीक माहिती देत गेला की तिला उत्तर मिळालं.

“बघ, म्हणजे जमलंच ना,” सुन्या म्हणाला.

“तेव्हा जमलं. त्याच कंपनीचं व्हर्जिनियात काय झालं ते ऐक. तिथेही जमिनीचे करार आधी गुपचूप झाले आणि नोव्हेंबर १९९३मध्ये एकदम जाहीर केलं की अमेरिकेच्या इतिहासावर पार्क काढणार. यादवी युद्धातली मनॅससची रणभूमी तिथून काही मैलांवर. गावकरी उठले, जेम्स मॅकफर्सन, डेव्हिड मॅककुलो यांच्यासारखे इतिहासकार उठले, आणि सप्टेंबर १९९४मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. वर्षही टिकलं नाही. शेजाऱ्यांना अंधारात ठेवायची सवय एकदा फळाला आली म्हणून दर वेळी येत नाही.”

पक्या इतका वेळ गप्प होता, ते त्याच्या स्वभावात बसत नाही. बर्मिंगहॅमला असताना तो दर उन्हाळ्यात स्टॅफर्डशरमधल्या ऑल्टन टॉवर्स या करमणूक पार्कला जायचा. तो बोलायला लागला आणि पुढचा पाऊण तास चर्चा तिथेच राहिली. मला ते सगळं सविस्तर लिहायचंय, कारण माझं मत त्यातूनच ठरलं.

ऑल्टन टॉवर्स म्हणजे जुन्या सरदारांची जहागीर. पडका वाडा, बागा, दाट झाडी, आणि आसपास गावं. तिथे पार्कवर बंधन असं की राइड झाडांच्या शेंड्यांवर डोकावता कामा नये. मग नवी मोठी रोलर कोस्टर आणायची कशी? आखणी करणारा जॉन वॉर्डली आणि त्याची मंडळी या कामाला ‘सीक्रेट वेपन’ म्हणायची, म्हणजे गुप्त अस्त्र. पहिल्या दोन आराखड्यांतून काही निघालं नाही. तिसऱ्यातून १९९४ साली ‘नेमेसिस’ उभी राहिली. बॉलिजर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीनं बनवलेली ही राइड; माणूस रुळाखाली लटकतो, पाय मोकळे. वर जाता येत नाही म्हणून त्यांनी खडक सुरुंगानं फोडला आणि सगळी वळणं खड्ड्यात उतरवली.

“आणि खरी गंमत पुढे आहे,” पक्या म्हणाला. त्याचे डोळे असे चमकतात ते फक्त क्रिकेटवर बोलताना. “खड्डा पडलाच होता, तर गोष्ट त्यातूनच काढली. जमिनीखाली एक परग्रहावरचा राक्षस सापडला, त्याला पोलादानं जखडून ठेवलंय, आणि तुम्ही त्याच्या अंगावरून फिरताय. खाली लाल पाणी वाहतं. बंधन नसतं तर ही गोष्टच सुचली नसती.”

मास्तरांनी विचारलं, “मग जाहिरात कशाची केली? उंचीची तर नाही.”

नाहीच. त्याच साली, १९९४मध्ये, ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘बिग वन’ उघडली. २१३ फूट, जगातली सर्वांत उंच म्हणून तिचा डंका वाजवला, एका शीतपेयाचं नावही पुढे लावलं. आता ते उंचीचं बिरुद कधीच गेलं. खुद्द इंग्लंडातच २०२४च्या मे महिन्यात थॉर्प पार्कनं २३६ फुटांची ‘हायपेरिया’ उघडली. आकड्यावर केलेली घोषणा पुढच्या आकड्याबरोबर शिळी होते. नेमेसिसचे रूळ जुने झाले तेव्हा मात्र पार्कनं ती मोडीत काढली नाही. २०२२च्या अखेरीस बंद केली, रूळ बदलले, आणि २०२४मध्ये तीच वळणं, तोच खड्डा ठेवून पुन्हा उघडली. लोक परत रांगेत उभे राहिले.

इथे मी पक्याला अडवलं. मला एकच गोष्ट कळत नव्हती. इतकं गुप्त अस्त्र, तर शेजारच्या गावाला कधी कळलं?

“सगळ्यात आधी,” तो म्हणाला. “तिथे बांधकामाचा अर्ज स्थानिक परिषदेकडे द्यावा लागतो. नकाशे, उंची, आवाजाचा अंदाज, कुठली झाडं तोडणार, सगळं लोकांसमोर ठेवलं जातं. शेजारी हरकत घेऊ शकतो. राइडचं नाव सांगत नाहीत, गोष्ट सांगत नाहीत, पण खांब कुठे आणि किती उंच, हे ज्याला वाचायचंय त्याला वाचता येतं. २०१८ला ‘विकर मॅन’ ही लाकडी कोस्टर आली. तिचा आराखडा शौकिनांनी साधारण दोन वर्षं आधीच पाठ केला होता, तरी उघडली त्या दिवशी रांग होतीच.”

आणि शेजारी नुसते कागद वाचून थांबत नाहीत. ऑल्टन टॉवर्सजवळ राहणारं एक जोडपं आवाजाविरुद्ध कोर्टात गेलं आणि २००४ साली पार्कवर आवाजाची मर्यादा घालणारा आदेश मिळवला. हे वकिलाला आधीच ठाऊक होतं.

सुन्या मात्र ऐकायला तयार नव्हता. त्याची बाजू कामगाराची आहे आणि ती मला खोटी वाटत नाही. तो म्हणाला, “मालाकडे बघा जरा. पोलाद कुणाला लपवता येतं? ओहायोत बटाव्हिया नावाच्या गावी या स्विस कंपनीचे रूळ बनतात. एकेक तुकडा वेल्ड करायचा, जुळवून बघायचा, रंगवायचा, मग ट्रेलरवर चढवायचा. शौकीन लोक नुसत्या रंगावरून ओळखतात कुठल्या पार्कचा माल चाललाय. आणि दोनशे फुटांच्या वर काही उभारायचं तर अमेरिकेत विमान वाहतूक खात्याला कळवावं लागतं, तो कागदही सगळ्यांना दिसतो. म्हणजे गुपित असतं कुठे? पार्कवाल्याला नाइलाजानं लवकर बोलावं लागतं. शिवाय पुढच्या हंगामाचे पास शरद ऋतूतच विकायला काढतात. नवीन काय हे सांगितल्याशिवाय पास कोण घेणार?”

यावर मास्तर चिडले. आवाज न चढवता चिडतात, ते जास्त लागतं. २०१३ला खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं, तेव्हा त्यांनी सातवीची सहल नेण्याचं कबूल केलं होतं आणि नेलीही. “पोरांना एकदा सांगितलं की ती दिवस मोजतात,” ते म्हणाले. “त्यामुळे पास विकायचेत म्हणून सांगायचं, हे मला पटत नाही. डिस्नेनं २०१९ला मोठ्या समारंभात फ्लोरिडातल्या एपकॉट या आपल्या पार्कसाठी मेरी पॉपिन्स या सिनेमावरची राइड जाहीर केली. पुढच्या वर्षी कोरोना आला आणि राइड बासनात गेली. साथ कुणाच्या हातात नव्हती, मान्य. पण पाया खोदायच्या आत स्टेजवर चढायची घाई त्यांच्याच हातात होती.”

“आणि खोदून, बांधूनही फसतं,” पक्यानं भर घातली. ओहायोच्या सीडर पॉइंट या पार्कात ४२० फुटांची जुनी कोस्टर नव्यानं बांधून २०२४च्या मेमध्ये ‘टॉप थ्रिल २’ म्हणून उघडली. त्या हंगामाचं मुख्य आकर्षण तेच. थोडेच दिवस चालली आणि उरलेला हंगाम बंद. पुढच्या वर्षी सुरू झाली.

“बंद ठेवली ते बरोबरच केलं,” सुन्या म्हणाला. “चाचणीसाठी माणसांऐवजी पाण्यानं भरलेले पुतळे बसवून कितीही फेऱ्या मारा, काही दोष रोजच्या वापरातच दिसतात. शंका आल्यावर न चालवणं हाच या कामाचा धर्म.” यावर पायरीवर कुणाचंच दुमत नव्हतं.

मग आपल्याकडचं. करमणूक पार्क चालवणाऱ्या वंडरला कंपनीनं चेन्नईसाठी जमीन घेऊन ठेवली होती, पण स्थानिक करमणूक कराचा प्रश्न सुटेपर्यंत बांधकामाला हात घातला नाही. सवलत मिळाल्यावर काम झालं आणि २०२५च्या डिसेंबरात पार्क उघडलं. शिवाय ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, त्यामुळे प्रकल्प कुठवर आला हे गुंतवणूकदारांना वेळोवेळी सांगावंच लागतं.

मी तिथेच थांबलो. “गुंतवणूकदाराला सांगावं लागतं, हे छान. माझ्या मामाला कुणी सांगायचं?”

वकिलानं जे सांगितलं ते ऐकून मला झोप लागली नाही. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठं बांधकाम असेल तर आधी पर्यावरण मंजुरी लागते. पण याच अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे कागद तयार होतो, तज्ज्ञ तो बघतात, आणि बांधाला बांध लागलेला माणूस होर्डिंग बघतो.

मी माझं मत मांडलं आणि ते इथेही मांडतो. राइडचं नाव, गोष्ट, पहिलं वळण कुठे टाकलंय, हे पार्कनं पोटात ठेवावं. तो आनंद आहे आणि तो राखून ठेवण्यात कुणाचं नुकसान नाही. पण जमीन, पाणी, आवाज, रस्ता यांत गुपित नको. हे चारही शेजाऱ्याचे आहेत. त्याला आधी सांगायचं, त्याचं ऐकून आराखडा बदलायचा, आणि मग फाट्यावर फलक लावायचा, तोही तारखेसकट. झाडांच्या शेंड्यांचा मान राखला म्हणून ऑल्टन टॉवर्सचं काही बिघडलं नाही. उलट त्यांची सर्वांत लाडकी राइड त्यातूनच आली.

“आराखडा बदलायला पैसा लागतो,” सुन्या पुटपुटला. पण मग स्वतःच म्हणाला, “कागदावर बदलायला कमी लागतो, हे खरं. पोलाद कापल्यावर बदलणं म्हणजे भंगार.”

अकरा वाजून गेले होते. वकिलानं खिशातून पेन काढलं. माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे कुठले प्रश्न ठेवायचे यावर पुन्हा वाद पेटला. पक्याला उंची विचारायची होती, ती काढली. पाणी कुठून घेणार हा प्रश्न पहिला ठेवला, बिनशेतीची परवानगी कधी आणि कुणी दिली हा दुसरा. रात्री कितीपर्यंत चालवणार, तिसरा. मास्तरांनी शब्द मोजले तेव्हा एकशे चौतीस भरले होते. उरलेल्या सोळा शब्दांत ‘लवकरच म्हणजे कधी’ हे बसवून द्या, असं मी म्हणालो. वकील म्हणाला, सरकारी कागदावर होर्डिंगची भाषा चालत नाही, आणि त्यानं लिहिलं: ‘काम सुरू व पूर्ण होण्याचा मंजूर दिनांक कळवावा.’

सोमवारी सकाळी मामा आणि मी तहसील कचेरीत जातोय.